अँजिओग्राफी क्लिअर, इको नॉर्मल, मग आईचे ठोके असे का बिघडले?

एका ताईंचं मोठं पत्र आलंय, नाव देत नाही, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे टाकते:

"आई 61 वर्षांची. बीपीची गोळी चालू, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, आणि बाबा गेल्यापासून मनाच्या डॉक्टरांनी दिलेली एस्सिटालोप्रॅम. मागच्या महिन्यात तीन दिवस उलट्या-जुलाब झाले. आम्ही मेडिकलमधून उलटीची गोळी आणली, ऑन्डान्सेट्रॉन, आणि घरात उरलेलं अझिथ्रोमायसिन होतं ते दिलं. चौथ्या दिवशी सकाळी ती बाथरूमच्या दारात कोसळली, डोळे वर गेले, हातपाय झटकायला लागली, आम्हाला वाटलं फिट आली. मिनिटभरात शुद्धीवर आली. हॉस्पिटलमध्ये मॉनिटर लावलेला असताना परत तसंच झालं आणि शॉक द्यावा लागला. कागदावर लिहिलंय पोटॅशियम 2.6, क्यूटीसी 560, टॉर्साड. अँजिओग्राफी क्लिअर, इको नॉर्मल. डॉक्टरांनी सांगितलं पण त्या गडबडीत डोक्यात काही शिरलं नाही. नातेवाईक म्हणतात टेन्शन घेतलं म्हणून झालं. आदल्या रात्री माझं आणि आईचं खूप भांडण झालं होतं. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्यामुळे झालं का? आणि परत होईल का? तिचा धाकटा भाऊ 38 व्या वर्षी झोपेतच गेला होता, तेव्हा अटॅक म्हणाले होते."

ताई, आधी भांडणाचं बोलते, कारण तुम्ही पत्रात ते चार वेळा लिहिलंय आणि पोटॅशियमचा आकडा एकदाच. भांडणामुळे झालं नाही. हे तुमचं मन राखायला म्हणून सांगत नाहीये. मी सतरा वर्षं कार्डियाक आयसीयूत सिस्टर होते, डॉक्टर नाही, पण असे कागद हजारो वेळा हातात घेतलेत, आणि तुमच्या आईच्या कागदावर जे लिहिलंय त्यात कारण अगदी उघडं आहे. मनाला मोठा धक्का बसून हार्टवर परिणाम होतो हे खरं आहे. ताकोत्सुबो म्हणून एक प्रकार आहे, जपानमधल्या डॉक्टरांनी 1990 मध्ये पहिल्यांदा त्याबद्दल लिहिलं, त्यात हार्टचा खालचा भाग फुग्यासारखा फुगतो आणि ते इकोमध्ये दिसतं. आईचा इको नॉर्मल आहे. आणि एका रात्रीच्या वादाने पोटॅशियम 2.6 वर येत नाही, तीन दिवसांच्या उलट्या-जुलाबाने येतं.

आता मुळापासून सांगते, जरा लांबेल पण वाचा.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हार्टला रक्त पुरवणाऱ्या नळ्या. इकोमध्ये दिसतो स्नायू आणि झडपा. पण ठोका पडतो तो विजेवर, आणि ती वीज या दोन्ही टेस्टमध्ये दिसत नाही, ती फक्त ईसीजीत दिसते. म्हणून "सगळं क्लिअर आहे मग झालं कसं" हा प्रश्न प्रत्येक घरातले विचारतात आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण आपल्याला हार्ट म्हटलं की ब्लॉकेजच माहीत असतं.

प्रत्येक ठोक्यात हार्टच्या पेशी एकदा डिस्चार्ज होतात आणि मग परत चार्ज होतात. ईसीजीवर या सगळ्याला मिळून जो वेळ लागतो त्याला क्यूटी म्हणतात, आणि ठोक्यांच्या वेगाचा हिशोब लावून काढला की क्यूटीसी. साधारण पुरुषांत 450 आणि बायकांत 460 मिलिसेकंदांच्या आत असावा, 500 च्या वर गेला की आयसीयूत सगळ्यांचे कान टवकारतात. आईचा 560 होता. म्हणजे तिच्या पेशी चार्ज व्हायला इतका वेळ घेत होत्या की त्या अर्धवट चार्ज असतानाच मधे एखादा अवेळी ठोका पडला तर सगळी लय कोलमडणार, आणि नेमकं तेच झालं.

टॉर्साड म्हणजे काय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही म्हणून सांगायचा प्रयत्न करते. मॉनिटरवर ठोके एकसारखे चाललेले असतात, मग एक ठोका लवकर पडतो, मग एक मोठी गॅप, मग परत एक ठोका, आणि एकदम ती रेघ सैरावैरा वर-खाली जायला लागते, आधी लहान, मग मोठी, परत लहान, जणू कुणी रिबिनीला पीळ देतंय. फ्रेंच डॉक्टर देसर्तेन यांनी 1966 मध्ये त्याला टॉर्साड द पॉइंट नाव दिलं, अर्थ साधारण टोकांचा पीळ. एकदा ते बघितलं की आयुष्यभर विसरत नाही. ही रिबीन चालू असेपर्यंत हार्ट नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही, मेंदूला रक्त नाही म्हणून माणूस बेशुद्ध पडतो आणि हातपाय झटकतो. आईला फिट आली नव्हती, ताई. बाथरूमच्या दारात हेच झालं होतं आणि नशिबाने ते आपोआप थांबलं. आपोआप थांबलं नाही तर त्याचं व्हीएफ होऊ शकतं, म्हणजे वेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, आणि मग शॉकशिवाय मार्ग नसतो.

पेशी परत चार्ज होते ती मुख्यतः पोटॅशियम पेशीतून बाहेर पडल्यामुळे. त्यासाठी पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात. आता गंमत बघा, नाही गंमत नाही म्हणणार, वाईटच आहे, की खूप वेगवेगळ्या आजारांवरच्या गोळ्या हेच एक दार अडवतात. काही अँटिबायोटिक, अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिनच्या घरातली, उलटीची ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन, बुरशीवरची फ्लुकोनाझोल, मनाच्या आजारातली हॅलोपेरिडॉल, सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम, आणि ठोके नीट करायलाच दिलेली सोटालॉल सुद्धा. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की तेच दार आणखी आखडतं. म्हणजे एकाच दाराला दोन्ही बाजूंनी कड्या लागतात.

आता आईचा हिशोब मांडू. एस्सिटालोप्रॅम आधीपासून चालू, दार थोडंसं लोटलेलं. बीपीच्या गोळीचं पाकीट बघा, त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलं असेल तर ती लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आहे, पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पण जातं. रोजची ॲसिडिटीची गोळी, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असेल, तर ती वर्षानुवर्षं घेतल्याने काही जणांत मॅग्नेशियम उतरतं, अमेरिकेच्या औषध खात्याने 2011 मध्ये तसा इशारा दिला होता. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, किडनीतून गळत राहतं. त्यावर तीन दिवसांचे जुलाब. त्यावर ऑन्डान्सेट्रॉन. त्यावर अझिथ्रोमायसिन. शिवाय बाईमाणूस, कारण बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो आणि औषधांमुळे होणाऱ्या टॉर्साडच्या पेशंटमध्ये दोन तृतीयांशाच्या आसपास बायकाच असतात. यातली कुठलीही एक गोष्ट एकटी असती तर बहुतेक काही झालं नसतं. लाखो लोक या गोळ्या घेतात आणि ठणठणीत राहतात. तुम्ही गोळी दिली ती प्रेमाने दिली, आणि आता स्वतःला त्यावरून पण दोष द्यायला लागाल म्हणून आत्ताच सांगते, हे धोके खुद्द डॉक्टरांच्या जगाला पण हळूहळूच कळलेत. टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीची गोळी सर्रास घेतली जायची, ती ठोके बिघडवते हे लक्षात यायला वर्षं गेली आणि अमेरिकेत ती 1998 मध्ये बंद झाली. पोटासाठीची सिसाप्राइड तिथे 2000 मध्ये गेली. आणि ज्या गोळ्या ठोके सुधारायला म्हणून अटॅकनंतर देत होते, फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड, त्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू उलट जास्त होतायत हे 1989 मध्ये कास्ट नावाच्या अभ्यासात बाहेर आलं. तिथे मोठमोठ्या डॉक्टरांचा अंदाज चुकला, तुम्ही तर घरात आजारी पडलेल्या आईला बघत होतात.

पण उरलेलं अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे मात्र यापुढे पक्कं. उलट्या-जुलाब बहुतेक वेळा व्हायरसने होतात, त्यात ते उपयोगाचं पण नसतं.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं, कारण प्रत्येकाच्या घरात कारण वेगळं असू शकतं आणि टॉर्साड हा धोकादायक ठोक्यांमधला फक्त एक प्रकार आहे. धोकादायक ठोके, म्हणजे खालच्या कप्प्यातून निघणारे, व्हीटी (वेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालचे कप्पे अतिवेगाने धडधडणं) आणि व्हीएफ, यांचं मोठ्या वयातलं सगळ्यात नेहमीचं कारण अटॅकच आहे. एक तर अटॅक चालू असताना, पहिल्या काही तासांत. किंवा कित्येक वर्षांनी, कारण अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी जो व्रण राहतो त्याच्या कडेकडेने वीज गोल गोल फिरत बसते. म्हणून जुना अटॅक आणि हार्टचं पंपिंग 35 टक्के किंवा कमी असलेल्या माणसाला डॉक्टर आयसीडी, म्हणजे गरज पडली की आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र, बसवायला सांगतात, तेव्हा "आता तर बरं आहे की" म्हणून टाळू नका, ते यंत्र आजच्या तब्येतीसाठी नसतं. तरुणांत हार्टचा स्नायू जाड असणं, स्नायूत चरबी आणि व्रण भरत जाण्याचा आनुवंशिक आजार, व्हायरसनंतर आलेली हार्टची सूज, ही कारणं. ब्रुगाडा सिंड्रोम म्हणून एक आहे, दोन ब्रुगाडा बंधूंनी 1992 मध्ये मांडला, त्यात ताप आला की धोका वाढतो, म्हणून अशा माणसाचा ताप लगेच उतरवायचा असतो. आणि किडनीच्या पेशंटमध्ये नेमकं उलटं, पोटॅशियम वाढून ठोके मंदावतात आणि थांबतात, त्यामुळे "पोटॅशियम चांगलं असतं" म्हणून कुणीही मनाने पावडरी किंवा कमी सोडियमचं मीठ चालू करू नका, आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघा. वयस्कर लोकांत एएफ खूप दिसतं, म्हणजे वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके, त्याचा मुख्य धोका पक्षाघाताचा, ती गोष्ट वेगळी, त्यावर परत कधीतरी लिहीन.

आता ताई तुमच्याकडे परत, तुमचा दुसरा प्रश्न, परत होईल का. याचं उत्तर एका साध्या कागदावर आहे आणि तो म्हणजे आत्ताचा ईसीजी. ती औषधं शरीरातून पूर्ण गेल्यावर, पोटॅशियम 4 च्या वर आणि मॅग्नेशियम नॉर्मल असताना काढलेला. हॉस्पिटलमधून घरी सोडतानाचा चालणार नाही, अझिथ्रोमायसिन अंगात बरेच दिवस रेंगाळतं. या ईसीजीत क्यूटीसी नॉर्मल आला तर मोठा दिलासा, मग काम एवढंच की पुन्हा तशा गोळ्या एकावर एक पडू द्यायच्या नाहीत. अजूनही लांब आला तर जन्मजात लाँग क्यूटीचा विचार करावा लागेल. आणि आकडा मशीनने छापलेला नको, डॉक्टरांना हाताने मोजायची विनंती करा, मशीन चुकतं, मी स्वतः कितीदा पाहिलंय.

मॅग्नेशियमचं अजून एक, शरीरातलं जेमतेम 1 टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं, बाकी हाडांत आणि पेशींत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही टॉर्साडमध्ये शिरेतून मॅग्नेशियम देतातच. आईला दिलं असेल तर "रिपोर्ट तर बरोबर होता, मग उगाच का दिलं" असं वाटून घेऊ नका.

एस्सिटालोप्रॅम मनाने बंद करू नका, हे मी दोनदा लिहीन, मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर चक्कर, घाबरं होणं, रडू येणं, आणि बाबांच्या मागे ती कशीबशी सावरलीये. हार्टच्या आणि मनाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, क्यूटीवर कमी परिणाम करणाऱ्या गोळ्या आहेत, सर्ट्रालिन त्यातली एक, बदल करायचा तर ते ठरवतील. बीपीची पाणी काढणारी गोळी असेल तर तीही बदलता येते का ते विचारा. ॲसिडिटीची गोळी खरंच रोज लागते का तेही, खूप घरात ती एकदा सुरू होते आणि मग थांबवायचं कुणी सांगतच नाही.

एक कागद करा. आईच्या सगळ्या गोळ्यांची नावं, कंपनीची नाहीत, आतल्या औषधाची, जी पाकिटावर बारीक अक्षरात असतात. वर मोठ्या अक्षरात लिहा, "औषधाने क्यूटी वाढून टॉर्साड झालेलं आहे". दात काढायला गेलात, डोळ्याच्या ऑपरेशनला गेलात, साध्या खोकल्याला गेलात, तरी तो कागद आधी टेबलावर ठेवायचा. क्रेडिबलमेड्स नावाची क्यूटी वाढवणाऱ्या औषधांची यादी इंटरनेटवर आहे, डॉक्टर आणि फार्मासिस्ट पण तीच बघतात. आणि पुन्हा उलट्या-जुलाब झाले तर चौथ्या दिवसाची वाट बघायची नाही, पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे, पोटॅशियम तपासायचं, आणि पाणी काढणारी गोळी त्या दिवसांत घ्यायची की नाही ते विचारायचं.

आता मामांचं. ताई, ते वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता टाकलंय, पण माझी नजर पहिल्यांदा तिथेच अडकली. 38 वर्षांचा धडधाकट माणूस झोपेत जातो आणि कुणीतरी अटॅक म्हणतं, तेव्हा ते खूपदा अंदाजाने म्हटलेलं असतं. असेलही अटॅक. पण बहिणीला क्यूटी 560 होऊन टॉर्साड झाल्यावर तो मृत्यू वेगळ्या नजरेने बघावा लागतो, कारण जन्मजात लाँग क्यूटी घराण्यात चालतो, आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. त्याच्या एका प्रकारात पळताना किंवा पोहताना त्रास होतो, दुसऱ्यात एकदम मोठा आवाज झाला की, तिसऱ्यात झोपेत. आणि काही लोकांत तो इतका सौम्य असतो की साठ वर्षं कळतच नाही, एखाद्या गोळीने तो उघडा पडेपर्यंत.

एक मुलगी आठवते, सोळा-सतराची. तीन वर्षं तिला फिटच्या गोळ्या चालू होत्या, मेंदूचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी गोळ्या वाढतच चाललेल्या. आमच्याकडे दुसऱ्याच कारणाने एका रात्रीसाठी आली होती. तिच्या आईने सहज सांगितलं, सिस्टर, हिला फिट नेहमी पहाटे येते, अलार्म वाजला की. मी तेव्हा नवीन होते, मला त्यात काही कळलं नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या आमच्या सीनियर सिस्टर हातातला ट्रे ठेवून थेट ईसीजी मशीन आणायला गेल्या. क्यूटीसी 520 होता. तिला नंतर बीटा ब्लॉकर, म्हणजे हार्टवरचा ॲड्रेनलिनचा जोर कमी करणारी गोळी, सुरू झाली, फिटच्या गोळ्या हळूहळू बंद झाल्या, आणि तिच्या खोलीतलं अलार्मचं घड्याळ आईने त्याच दिवशी काढून टाकलं. तीन वर्षांत कुणीही तिचा ईसीजी काढला नव्हता. म्हणून सांगते, बेशुद्ध पडून हातपाय झटकले म्हणजे फिटच असं नाही, आणि पहिली फिट आलेल्या प्रत्येक माणसाचा एक ईसीजी निघालाच पाहिजे. पळताना पडणं, आडवं असताना शुद्ध जाणं, काही कळायच्या आत धाडकन कोसळणं, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर "उन्हाने झालं, उपाशी होता" म्हणून सोडायचं नाही.

तेव्हा तुमचा, तुमच्या भावंडांचा आणि मुलांचा एक एक ईसीजी काढा, मामांना मुलं असतील तर त्यांचा तर आधी. पाच मिनिटांचं काम, सुई पण नाही. आईचा नंतरचा ईसीजी संशयास्पद आला तर जीन टेस्टचं डॉक्टर बोलतील, ती आधी आईची करायची, घरातल्या सगळ्यांची एकदम नाही. आणि यातून काही निघालं तरी खचून जाऊ नका, या आजारात बीटा ब्लॉकर, क्यूटी वाढवणारी औषधं टाळणं, आणि गरज पडली तर आयसीडी, एवढ्यावर लोक मुलंबाळं, नोकऱ्या सगळं नीट करतात.

घरातल्या दोघांनी तरी सीपीआर शिकून घ्या. माणूस पडला, हाकेला उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर ॲम्ब्युलन्सला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात, मिनिटाला 100 ते 120, निदान 5 सेंटिमीटर खोल, आणि जवळपास एईडी, म्हणजे कुणालाही वापरता येणारं शॉक द्यायचं यंत्र, असेल तर कुणाला तरी पळवा. शॉक मिळायला उशीर होईल तसा दर मिनिटाला जगण्याचा चान्स 7 ते 10 टक्क्यांनी उतरतो, पण कुणी छाती दाबत असेल तर तो बराच सावकाश उतरतो. आणि ते व्हॉट्सॲपवर फिरतं ना, जोरजोरात खोकत राहा म्हणजे हार्ट चालू राहतं, ते पुढे पाठवू नका, ज्याला हे होतं तो काही सेकंदांत बेशुद्ध असतो, खोकणार कधी.

आणि आईशी बोला. ती पण बहुतेक मनात तेच घेऊन बसली असेल, की माझ्यामुळे पोरीला त्रास. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटला दोघी एकत्र जा, गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत भरून, आणि मामींना आजच फोन करून विचारा, मामा त्याआधी कधी असे कोसळले होते का, आणि त्यांचा एखादा जुना ईसीजी कुठल्या फायलीत पडलाय का. मिळाला तर तोही सोबत न्या.